जुनी सिंगल शॉट टार्गेट रायफल: पहिली घेण्याआधी आणि घेतल्यावर

रेंजवर माझी रायफल बघून नवीन माणूस पहिलं हेच विचारतो की मॅगझिन कुठंय. मॅगझिन नाही. एक काडतूस घालायचं, एक मारायचं, खालचा लिव्हर उघडला की रिकामी पुंगळी बाहेर येते, मग पुढचं भरायचं. माझी विंचेस्टर हाय वॉल माझ्या पणजोबांच्या वयाची आहे आणि २०० यार्डांवर, म्हणजे साधारण १८३ मीटरवर, ती आजही माझ्यापेक्षा बरंच चांगलं मारते. मी विस्कॉन्सिनला राहतो, इथे गेली बारा वर्षं हा नाद करतोय, आणि आता ओळखीतले तीन-चार मराठी लोक विचारायला लागलेत की सुरुवात कुठून करायची, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून काढतोय.

आधी थोडं ह्या रायफली कुठून आल्या त्याबद्दल, कारण त्याशिवाय त्यांचा विचित्र आकार कळत नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि स्विस लोक मोठ्या संख्येनं अमेरिकेत आले आणि येताना आपला नेमबाजीचा खेळ घेऊन आले. त्या खेळाला शुट्झन म्हणतात. गावोगावी शुट्झन पार्क झाले, रविवारी अख्खं कुटुंब तिथे, बँड, जेवण, आणि पुरुष मंडळी उभ्यानं २०० यार्डांवर नेम मारतायत, आपल्याकडे जत्रेत कुस्त्यांचा फड असतो तसं काहीसं. आयोवातल्या डेव्हनपोर्टला अजून शुट्झन पार्क त्याच नावानं आहे. दुसरीकडे लांब पल्ल्याचा खेळ होता, १८७४ साली न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरला आयरिश टीम ठासणीच्या रिग्बी रायफली घेऊन आली आणि अमेरिकन लोक शार्प्स आणि रेमिंग्टनच्या मागून भरायच्या रायफली घेऊन उभे राहिले, ८००, ९०० आणि १००० यार्ड, आणि अमेरिका ९३४ विरुद्ध ९३१ अशी जेमतेम ३ गुणांनी जिंकली. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणून जे जे होतं त्याच्यावर लोकांचा राग निघाला आणि शुट्झन क्लब एकापाठोपाठ बंद पडले. १९४८ साली काही लोकांनी एकत्र येऊन अमेरिकन सिंगल शॉट रायफल असोसिएशन काढली, आज जे काही टिकून आहे त्यात तिचा वाटा मोठा आहे.

पायरी पहिली: कायदा, आणि हे सगळ्यात आधी

आपल्यातले बरेच जण एच-वन, एल-वन किंवा स्टुडंट व्हिसावर असतात. अमेरिकेच्या फेडरल कायद्यानं अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतुसं दोन्ही जवळ बाळगायला बंदी आहे. त्याला अपवाद आहेत, उदाहरणार्थ राज्याचं वैध हंटिंग लायसन्स असेल तर, पण कुणीतरी सांगितलं म्हणून त्याच्यावर विसंबू नका, वकिलाला पैसे देऊन विचारा. इथे चूक झाली तर नुसता दंड नाही, इमिग्रेशनच धोक्यात येतं. ग्रीन कार्ड असेल तर हा विशिष्ट अडथळा नाही.

दुसरी गोष्ट, अँटीक शब्दाचा फेडरल कायद्यातला अर्थ ठरलेला आहे: १८९८ किंवा त्याआधी बनलेली. इथे मॉडेलचं साल धरत नाहीत, ती एक रायफल प्रत्यक्षात कधी बनली ते धरतात. विंचेस्टरचं मॉडेल १८८५ हे १९२० पर्यंत बनत होतं, त्यामुळे नावात १८८५ आहे म्हणजे अँटीक आहे असं नाही, सिरियल नंबरवरून साल काढायचं. १८९८ नंतरच्या पण ५० वर्षांपेक्षा जुन्या रायफलींसाठी कलेक्टर लोकांचं वेगळं लायसन्स असतं, त्याला टाइप थ्री म्हणतात, तीन वर्षांचे ३० डॉलर. आणि राज्याचे नियम फेडरलपेक्षा कडक असू शकतात, ते आपापल्या राज्याचे बघायचे.

भारतात असाल तर मारता येण्यासारखी कुठलीही जुनी रायफल म्हणजे आर्म्स ॲक्टखाली परवाना लागतोच, कितीही जुनी असो. गावच्या वाड्यात आजोबांच्या वेळची मार्टिनी रायफल निघाली तर आधी वकील आणि पोलीस ठाणं, मग बाकीचं. आणि अमेरिकेत घेतलेली रायफल भारतात न्यायचा विचार डोक्यातून काढा, मी स्वतः चौकशी करून सोडून दिलाय.

पायरी दुसरी: पैसे खिशातच ठेवून रेंजवर जा

हे मी कळकळीनं सांगतो. रायफल नंतर घ्या, आधी माणसं गाठा. शुट्झन मॅच जवळपास कुठे होते ते शोधा आणि नुसतं बघायला जा. ह्या खेळातली बहुतेक माणसं सत्तरीच्या आसपासची आहेत, त्यांना तरुण माणूस दिसला की आनंद होतो, अगदी बसवून घेतात, आपली रायफल हातात देतात. मला पहिल्याच दिवशी एका आजोबांनी त्यांच्या .३२-४० मापाच्या काडतुसाच्या रायफलीतून दहा गोळ्या मारायला दिल्या, वर स्वतः ओतलेल्या, आणि एक पैसा घेतला नाही. पुढे दोन वर्षं मी त्यांच्याच शेजारच्या टेबलावर बसायचो. हातात न धरता फोटो बघून रायफल घेणारा माणूस नंतर तीच विकायला काढतो, हे मी बऱ्याचदा पाहिलंय. वजनाचंच बघा ना, काही शुट्झन रायफली सहा किलोच्या पुढे जातात, दस्त्याच्या मागे शिंगासारखे दोन वळलेले आकडे, खाली तळव्याचा आधार, हे सगळं तुमच्या खांद्याला आणि हाताला जमतंय का ते धरल्याशिवाय कळणार नाही.

पायरी तिसरी: नावं ओळखायला शिका

विंचेस्टर हाय वॉल आणि लो वॉल. डिझाइन जॉन ब्राउनिंगचं, १८७९ चं पेटंट, विंचेस्टरनं ते त्याच्याकडून विकत घेतलं आणि १८८५ पासून बनवलं. हाय वॉल सगळ्यात भक्कम, नवीन माणसानं बिनधास्त घ्यावी अशी.

बॅलर्ड, मार्लिन कंपनीनं १८७५ ते १८९१ बनवलेली. लिव्हर इतका मऊ चालतो की हातातून सोडवत नाही. पण काही ॲक्शन, म्हणजे काडतूस घालून मागून बंद करायची यंत्रणा, ओतीव आहेत आणि काही घडीव, ओतीव असेल तर फक्त हलकी काडतुसं. स्टीव्हन्स ४४ पण तशीच, दिसायला सुंदर, किमतीला परवडणारी, ताकदीला कमी, तिला कमी दाबाचीच काडतुसं. १९०३ साली आलेली स्टीव्हन्स ४४½ मात्र घडीव आणि वेगळीच चीज आहे. नावात फक्त अर्ध्याचा फरक, पण हा फरक न कळल्यानं लोकांनी जुनी ४४ जास्त दारू भरून कायमची ढिली केलीय. त्याशिवाय रेमिंग्टन रोलिंग ब्लॉक, रेमिंग्टन हेपबर्न, शार्प्स बोर्चार्ट, आणि जर्मनीच्या आयट्ट ॲक्शनच्या रायफली, ज्या बहुतेक ८.१५ × ४६ आर ह्या काडतुसाच्या असतात.

बजेट कमी असेल तर माझं मत स्पष्ट आहे, इंग्लंडची बीएसए मार्टिनी .२२ घ्या. .२२ ची गोळी कुठल्याही दुकानात मिळते, ओतायची भानगड नाही, आणि उभ्यानं मारायची सगळी सवय तिच्यावर होते. .२२ मधल्या स्टीव्हन्सही बऱ्याच सापडतात. आणि जुन्याचाच हट्ट नसेल तर पेनसिल्व्हानियात सीपीए नावाची कंपनी ४४½ च्या धर्तीवर नव्या रायफली बनवते, त्यात काही कमीपणा नाही.

पायरी चौथी: नळीच्या आत बघा, बाहेर नंतर

मी माझी पहिली रायफल एका लिलावात घेतली. अक्रोडाचा दस्ता, रिसीव्हरवर, म्हणजे ॲक्शनच्या पेटीवर, जुन्या केस हार्डनिंगचे (लोखंड वरून कडक करताना उमटणारे) निळे-तपकिरी रंग जसेच्या तसे, मागच्या बाजूला नेम धरायची, बारीक मापानं वरखाली होणारी व्हर्नियर साइट, मी फोटोवरच भाळलो. लिलाववाल्यांनी बोअर, म्हणजे नळीची आतली बाजू, चांगला आहे असं लिहिलं होतं. घरी आल्यावर पुढच्या टोकापासून घट्ट कापडाचा तुकडा ढकलला, तर पहिल्या हातभर तो एकसारखा सरकला, मग मध्येच सटकन मोकळा झाला, दोन इंच ढिला गेला आणि परत घट्ट झाला. तिथे नळी आतून फुगलेली होती, कधीतरी कुणीतरी गोळी अडकलेली असताना दुसरी मारली असणार. उजेडात बघून हे दिसत नाही, हाताला कळतं. ती रायफल आजही भिंतीवर आहे, तिच्यातून मी एकही गोळी मारलेली नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. विकणाऱ्याची परवानगी घेऊन रायफल रिकामी आहे ते दोनदा बघा, डोळ्यानं आणि बोटानं. मग नळीतून घट्ट कापड सावकाश ढकला आणि हाताकडे लक्ष द्या. मग बोअरस्कोप, म्हणजे नळीच्या आत बघायचा बारीक कॅमेरा, हल्ली फोनला जोडायचे स्वस्तात मिळतात. काळ्या दारूच्या आणि त्या काळच्या प्रायमरच्या (दारू पेटवणाऱ्या पुंगळीच्या बुडातल्या टोपीच्या) क्षारामुळे बहुतेक जुन्या नळ्यांत थोडे खड्डे असतातच, थोडे चालतात, पण चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, पुढच्या दोन-तीन इंचांत आणि पुढच्या टोकाला अगदी कडेपर्यंत नळी स्वच्छ हवी. टोकाची कड खराब तर नेम कायमचा खराब.

मग ॲक्शन. लिव्हर बंद करून ब्लॉक, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा, हलतो का बघा. फायरिंग पिनचं, म्हणजे प्रायमरवर आपटणाऱ्या सुईचं, भोक मोठं असेल तर प्रायमर फुटतो आणि गॅस मागे येतो, हाय वॉलमध्ये हे नेहमीचं दुखणं आहे, जाणकार गनस्मिथ तिथे बारीक भोकाची नवी बुश बसवून देतो. सेट ट्रिगर असेल, म्हणजे दोन चाप, एक ओढला की दुसरा अगदी हलका होतो असे, तर मागचा चाप ओढून पुढचा सेट करा आणि दस्त्याला तळहातानं थापटा, सुटला तर दुरुस्तीला द्यावा लागेल. दस्ता जिथे लोखंडाला मिळतो तिथे दोन्ही बाजूंना चिरा शोधा. स्क्रूची डोकी खरवडलेली दिसली तर कुणीतरी अडाणी माणूस आत जाऊन आलाय असं समजा. आणि कोपरे गोल झालेत, अक्षरं पुसट झालीत पण रंग मात्र कोरा करकरीत, म्हणजे घासून नव्यानं रंगवलेली आहे, मारायला ठीक, पण कलेक्टरच्या हिशेबानं किंमत पडली.

विंचेस्टरच्या रायफलीसाठी वायोमिंगमधल्या कोडी शहरातल्या म्युझियममधून फॅक्टरी लेटर मागवता येतं, जुन्या वह्यांतून तुमच्या सिरियल नंबरची नोंद काढून देतात, कुठल्या कॅलिबरची, कुठल्या चापाची, कधी गोदामातून बाहेर पडली. महागाची रायफल असेल तर पैसे देण्याआधी हे पत्र मागा.

इथे हॅरी पोपचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. आधी हार्टफर्ड, मग काही काळ स्टीव्हन्स कंपनी, शेवटी जर्सी सिटी, आयुष्यभर हा माणूस नळ्यांच्या आत खाचा कापत बसला. आठ खाचा, डावीकडे फिरणाऱ्या, आणि पुढे जाईल तसा पीळ वाढत जाणारा. १९०१ साली कोलोरॅडोतल्या बोल्डरच्या सी. डब्ल्यू. रोलँडनं पोपच्या .३२-४० नळीतून २०० यार्डांवर दहा गोळ्या मारल्या आणि दहाही पाऊण इंचापेक्षा किंचित कमी जागेत गेल्या. शिशाच्या गोळ्या, सव्वाशे वर्षांपूर्वी. पोपच्या नळीवर त्याचं नाव ठोकलेलं असतं, आणि नाव ठोकणं सोपं असल्यानं नकलाही आहेत, तेव्हा जाणकाराला दाखवल्याशिवाय पोप म्हणून पैसे देऊ नका.

पायरी पाचवी: कॅलिबर

पहिली रायफल .३२-४० किंवा .३८-५५ घ्या. दोन्हीच्या पुंगळ्या, साचे, डाय सगळं मिळतं. .३२-४० खांद्याला मऊ, दिवसभरात शंभर गोळ्या मारल्या तरी माणूस थकत नाही. .२५-२० पासून जपून, कारण त्या नावाची दोन वेगळी काडतुसं आहेत, .२५-२० सिंगल शॉट लांब आणि बारीक, .२५-२० विंचेस्टर आखूड आणि जाड, एकातलं दुसऱ्यात चालत नाही. आणि नळीवर लिहिलंय त्यावर कधीच विश्वास नको, शंभर वर्षांत कुणी चेंबर बदललेलं असू शकतं. गनस्मिथकडून चेंबरचं कास्टिंग करून घ्या, आणि मऊ शिशाची गोळी नळीतून ढकलून तिचं माप मायक्रोमीटरनं घ्या. त्याच मापावरून साचा मागवायचा. दोन .३२-४० नळ्यांचं आतलं माप एकसारखं असेलच असं नाही.

पायरी सहावी: गोळी ओतणं आणि भरणं

मला ह्या छंदातला सर्वांत आवडता भाग हाच. हिवाळ्यात बाहेर बर्फ असतो, गॅरेजचं दार अर्धं वर करून पंखा लावून बसायचं, कढईत शिसं आणि कथील, २५ ला १ प्रमाण, ३७० ते ४०० डिग्री सेल्सिअस. पहिल्या दहा-बारा गोळ्या सुरकुतलेल्या येतात कारण साचा थंड असतो, त्या परत कढईत. मग अचानक गोळ्या गुळगुळीत यायला लागतात, कडा धारदार, बूड सपाट, आणि हाताला लय लागते, ओतायचं, मनात पाच मोजायचं, झाकण ठोकायचं, मऊ टॉवेलवर टाकायचं. बूड सगळ्यात महत्त्वाचं, बुडाच्या कडेला टाचणीएवढा खड्डा असला तरी ती गोळी कढईत परत. थंड झाल्यावर प्रत्येक गोळीचं वजन करायचं आणि अर्ध्या ग्रेनपेक्षा (साधारण ०.०३ ग्रॅम) जास्त फरकाच्या वेगळ्या काढायच्या.

वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंबसुद्धा पडता कामा नये, वाफ होऊन शिसं तोंडावर उडतं. चष्मा, जाड हातमोजे, बंद बूट. खाणंपिणं जवळ नको, हात थंड पाण्यानं आणि साबणानं धुवा, त्या खोलीत लहान मुलं नकोतच. दरवर्षी रक्तातलं शिसं तपासून घ्या, मी घेतो.

दारूचं माप मी इथे देणार नाही, ते छापील रीलोडिंग मॅन्युअलमधूनच घ्या, तुमच्या ॲक्शनच्या ताकदीप्रमाणे. ओतीव बॅलर्ड किंवा स्टीव्हन्स ४४ असेल तर आधी जाणकार माणसाला विचारा, मग पुस्तक उघडा. स्मोकलेस, म्हणजे बिनधुराची, दारू ह्या मोठ्या पुंगळीत तळालाच राहते, त्यामुळे चुकून दोनदा भरली तरी बाहेर सांडत नाही आणि कळत नाही, आणि अशी दुप्पट भरलेली पुंगळी रायफल फोडू शकते. एकच पुंगळी भरायची, टॉर्च मारून आत बघायचं, मगच पुढे.

आता शुट्झनवाल्यांची खास पद्धत. गोळी पुंगळीत बसवतच नाहीत. एका लिव्हरच्या अवजारानं गोळी आधी मागून थेट नळीच्या खाचांत दाबून बसवतात, पुंगळीच्या तोंडाच्या साधारण एक सोळांश इंच पुढे. मग दारू भरलेली पुंगळी, तोंडावर पुठ्ठ्याची पातळ चकती, मागून सरकवायची. गोळी सुटायच्या आधीच नळीत सरळ बसलेली असते, वाकडी जायचा प्रश्न उरत नाही. त्यामुळे दिवसभर एकच पुंगळी पुरते, मारली, काढली, टेबलावरच प्रायमर बदलला, दारू भरली, परत तीच. माझ्या पुंगळीच्या बुडावर मी एक रेघ कोरलीय आणि दरवेळी रेघ वर ठेवूनच घालतो.

ह्याच्याही आधी गोळी पुढून भरायचे, आणि पुढच्या टोकाची कड घासू नये म्हणून टोकावर एक जोडतुकडा बसवायचे, फॉल्स मझल म्हणतात त्याला. त्याचं पेटंट १८४० साली ॲल्व्हन क्लार्कनं घेतलं, तोच जो पुढे दुर्बिणीच्या भिंगांसाठी जगभर ओळखला गेला. इथे विस्कॉन्सिनलाच यर्कीस वेधशाळेत ४० इंची भिंगाची दुर्बीण आहे, ते भिंग त्याच्याच कंपनीचं, आणि मी ती बघायला गेलो तेव्हा मला आधी रायफलच आठवली.

पायरी सातवी: मारणं

टार्गेटवर मधल्या वर्तुळाला २५ गुण, त्याचा व्यास फक्त दीड इंच, दहा गोळ्यांना जास्तीत जास्त २५०. सुरुवात टेबलावर टेकवून करा, म्हणजे रायफल काय करते ते कळेल. मग उभ्यानं.

पॅरिसला २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं तेव्हा त्याचं उभं राहणं नीट बघितलं असेल तर अर्धं काम झालंय. शरीर टार्गेटला आडवं, कंबर थोडी पुढे, डावं कोपर बरगड्यांना किंवा कमरेच्या हाडाला टेकलेलं, वजन हाडांवर, स्नायूंवर नाही. शुट्झन रायफलीखालचा तळव्याचा आधार ह्याचसाठी असतो. रायफल टार्गेटच्या दिशेला असल्याशिवाय सेट ट्रिगर सेट करायचा नाही, आणि मारायचा विचार बदलला तर लिव्हर उघडून पुंगळी काढायची. सेट केलेला चाप बोटाचं नख लागलं तरी सुटतो.

जुन्या रायफलींचा घोडा जड असतो, चाप सुटल्यावर तो पडायला वेळ लागतो, आणि गोळीही सावकाश जाते. म्हणून चाप सुटल्यावरही माशी टार्गेटवर धरून ठेवायची, मनात एक-दोन म्हणायचं, गोळी कुठे गेली असेल ते स्वतःशी बोलायचं, मग स्कोपमधून बघायचं. वारा ह्या सावकाश गोळीला सहज ढकलतो, म्हणून सगळे आपापले झेंडे लावतात. नवीन माणूस झेंडा बघून घाई करतो. अनुभवी माणूस एकच वारा निवडतो, समजा डावीकडून हलका, आणि तोच परत येईपर्यंत थांबतो. मला पहिल्या दिवशी गोळ्या देणारे ते आजोबा कधीकधी चार-चार मिनिटं तसेच बसून राहायचे, थर्मासमधली कॉफी संपायची, झेंडा खाली आला की एक गोळी.

डोळ्यांना चष्मा, कानांना मफ, नळी कायम टार्गेटकडे, आणि लोक टार्गेट बदलायला पुढे गेले की रायफलीला हातसुद्धा लावायचा नाही.

पायरी आठवी: सफाई आणि वही

काळी दारू वापरली तर त्याच दिवशी गरम पाण्यानं नळी धुवायची, कोरडी करायची, तेलाचा हात द्यायचा. उद्या करू म्हटलं की दमट हवेत सकाळी गंज दिसतो. मॅचच्या मध्ये एक लांब नळकांडी घेऊन मागून चार-पाच वेळा तोंडानं हवा फुंकायची, श्वासातल्या ओलाव्यानं आतली काजळी मऊ राहते. हे फक्त ॲक्शन उघडी आणि चेंबर रिकामं असतानाच. स्मोकलेसला हे लागत नाही.

जुनं लाकूड आणि जुना रंग ह्यांना हात लावू नका. पॉलिश पेपर नको, नवा ब्लूइंग (लोखंडावरचा निळा-काळा थर) नको. स्क्रू काढायचा तर खाचेत अगदी बरोबर बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्या, नाहीतर राहू द्या.

आणि प्रत्येक रायफलीची एक वही ठेवा. कुठून घेतली, कागदपत्रं, साच्याचा नंबर, दारू, हवा, वारा, गुण. माझ्या हाय वॉलबरोबर आधीच्या मालकाची एक वही आली, तपकिरी पुठ्ठ्याची, १९५० च्या दशकातली. शेवटच्या पानावर बारीक पेन्सिलीनं २३१ लिहिलंय, खाली फक्त डावा वारा. मी पुढच्या कोऱ्या पानापासून त्याच वहीत लिहायला सुरुवात केली, माझा पहिला आकडा १८४ आहे.